यंदा उंदीर पडला नाही

दिवाळीच्या पणत्या विझल्या न विझल्या तोच आमच्या गल्लीतल्या बायका एकमेकींना विचारायला लागायच्या, "पडला का?" काय पडला ते कुणी विचारत नसे आणि कुणी सांगतही नसे. सोलापुरात त्या वर्षांत ते सांगावं लागत नव्हतं. घरात उंदीर आपणहून मरून पडला की प्लेग आला, आणि प्लेग आला की घराला कुलूप लावून गावाबाहेर माळावर झोपडीत जाऊन राहायचं. हे आता नातवंडांना सांगितलं की ती नाक मुरडतात. मुरडा म्हणावं. आम्ही त्या उंदराची वाट बघितलेली आहे. माझ्या सासूबाईंनी तर अशी वाट बघितली की तशी माहेरच्या माणसाचीही कुणी बघत नसेल.

सासूबाईंचं सगळं सांगायचं तर आधी हुग्गीचं सांगावं लागेल.

मी मंद्रूपची. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा सासरे बाजारात भुसारीचं दुकान चालवायचे, आमचे हे त्यांच्या हाताखाली. सासूबाई अक्कलकोटकडच्या. राग आला की कानडीत जायच्या आणि राग उतरला की मराठीत यायच्या, त्यामुळे घरातली हवा कशी आहे ते मला ओसरीवरूनच कळायचं. घर चांगलं होतं, खायला-प्यायला कमी नव्हतं. फक्त एक गोष्ट विचित्र होती. सासू-सासरे एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच खोलीत, हातभर अंतरावर बसायचे, आणि मध्ये मला उभं करायचे.

"सूनबाई, त्यांना विचार, जेवायला वाढू का."

"सूनबाई, तिला सांग, वाढ म्हणावं."

मी नवी नवरी. मला आधी वाटलं, ही या घरची रीत असेल. माहेरी गेले तेव्हा आईला सांगितलं, तर ती कपाळाला हात लावून बसली. मग आमच्या ह्यांनी एकदा सगळं उलगडून सांगितलं. थोरल्या नणंदेच्या लग्नात वऱ्हाडाची पंगत बसलेली, सासूबाईंनी स्वतः हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची खीर केलेली, मोठ्या पातेल्यात, गूळ घालून. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "करपलीय." झालं. सासूबाईंनी पळी खाली ठेवली, गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला आणि तिथल्या तिथं शपथ घेतली, की आजपासून या घरात ह्या माणसाशी एक शब्द बोलणार न्हाय. ज्यांनी ज्यांनी ती हुग्गी खाल्ली होती त्या सगळ्यांना मी पुढं खासगीत विचारलं. करपलीच होती म्हणे. पण म्हणून पंगतीत सांगायचं असतं का? सासरे माणूस वाईट नव्हते. तोंडात आलं ते बोलून जायचे, आणि बोलून गेल्यावर माफी मागणं त्यांना जमायचं नाही.

तर असं सगळं चाललेलं असताना पहिला उंदीर पडला.

त्या पहिल्या वर्षाचं काय सांगू. समोर साड्या विणणारं तेलुगू कुटुंब राहायचं. त्यांच्या मागाच्या खड्ड्यात उंदीर सापडला आणि गल्लीत एकच रडारड झाली. लोक घरातलं देव्हाऱ्यासकट उचलून निघाले. कुणी कुणाच्या सावलीला उभं राहीना. समोरच्या विणकरीण बाईंशी मी रोज शिळोप्याच्या गप्पा मारायची, पण त्या दिवशी मी त्यांना बघून पदर तोंडाला लावला आणि त्यांनी मला बघून दार लावलं. लस टोचायला म्युनसिपाल्टीची माणसं आली तेव्हा आमची अर्धी गल्ली शेंगांच्या पोत्यांमागं लपली. टोचलं की हात गळून पडतो, अशी बातमी होती. ती कुणी आणली माहीत नाही, पण सगळ्यांना ठाऊक होती. आणि माणसं गेलीही हो. विणकरीण बाईंची सासू त्याच वर्षी गेली. फार मायेची म्हातारी होती, मला बघितलं की तेलुगूत काहीतरी म्हणून गालावरून हात फिरवायची. मला अजून वाईट वाटतं.

माळावर आम्ही दोन झोपड्या घातल्या. बांबूचे तट्टे, वर कडब्याच्या पेंढ्या. एक आमच्या दोघांची आणि एक सासू-सासऱ्यांची. ही व्यवस्था आमच्या ह्यांनी केली आणि झोपड्या उभ्या राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की म्हातारा-म्हातारीच्या झोपडीत मधे निरोप्या कुणी नाही. मग मी दिवसभर तिकडं बसायची. निरोप पोचवायची. माळावर वारं असं, की निरोप तिकडं पोचेपर्यंत अर्धा उडून जायचा.

एके दिवशी दुपारी मी आमच्या झोपडीमागं तट्ट्याच्या आडोशाला न्हायला बसले होते. डोक्याला शिकेकाई चोपडलेली, डोळ्यांत पाणी. तट्ट्याच्या फटीतून समोरची झोपडी दिसत होती. सासरे दारात पान लावत बसले होते, पाठ दोरीकडं. दोरीवर त्यांचा धुतलेला रुमाल वाळत होता. रुमाल म्हणजे डोक्याला बांधायचा, लांबच्या लांब, जरीकाठी. सासूबाई आत भाकऱ्या थापत होत्या. जवळच एका धनगरणीचा शेळ्या-मेंढ्यांचा वाडा बसला होता, त्यातली एक काळी शेळी आली आणि शांतपणे रुमाल खायला लागली.

सासूबाईंनी बघितलं. "सूनबाई," त्यांनी हाक मारली. मी ओली, केस पिंजारलेले, येणार कशी? "सूनबाई, कुटं गेलीस?" मी आतूनच ओरडले, न्हातीय म्हणून. शेळीनं जरीचा काठ संपवला. सासूबाईंची फार घालमेल झाली. समोर नवरा, मागं शेळी, आणि मधे सून नाही. शेवटी त्या शेळीकडंच वळल्या.

"ए शेळे," त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, तुझ्या तोंडात त्यांचा रुमाल हाय."

सासऱ्यांनी मागं वळून बघितलं. मला वाटलं, आता उठतील आणि शेळीला हाकलतील. पण त्यांचाही मान होता ना. ते बसल्या जागेवरून शेळीला म्हणाले, "तिला सांग, मग हाकल म्हणावं."

"त्यांना सांग, माजे हात पिठाचे हायती."

शेळीनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. तेवढ्यात अर्धा रुमाल आत गेला. मी तट्ट्याला डोळा लावून बसले होते आणि हसू दाबून माझ्या पोटात कळ यायला लागली होती. मग सासूबाईंना राहवलं नाही. "अवो," त्या सरळ नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "गिळला की तिनं सगळा."

दोघंही थबकले. शेळीसुद्धा थबकली. सासरे हळूच पुढं झाले, शेळीच्या तोंडातून लोंबणारं टोक धरलं आणि तिला विचारलं, "काय गं, करपलेला तर न्हाई ना?"

मी डोळे मिटले. आता कानडी सुरू होणार. पण ऐकू आलं ते हसू. सासूबाई पिठाचा हात तोंडावर धरून हसत होत्या आणि त्यांच्या नाकाला पीठ लागलं होतं. त्या बाईचं हसू मी लग्न झाल्यापासून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर दोघांनी बोलायला जी सुरुवात केली, ती काही विचारू नका. कुठल्या पोत्याला कीड लागली, कुठल्या भाच्याचं लग्न कुठं ठरलं, सासूबाईंचा धाकटा दीर वाटणीत काय बोलला होता. सगळं साठलेलं. मी धीर करून सासूबाईंना शपथेचं विचारलं. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "शपत घरातली हाय. या घरात बोलणार न्हाय म्हटलं हुतं. हे घर हाय व्हय?"

तट्टा आणि कडबा. घर कसं म्हणणार?

थंडी सरली, ऊन चढलं, गावात उंदीर पडायचे थांबले आणि आम्ही घरी परतलो. सासरे उंबऱ्याशी घोटाळले. त्यांना काहीतरी सांगायचं राहिलं होतं, ते त्यांनी बायकोकडं बघून सांगायला सुरुवात केली. सासूबाई उंबरा ओलांडून आत गेल्या, वळल्या आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, त्यांना सांग, ऐकू आलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण शपथ ती शपथ. देवाच्या लिंगावर हात ठेवून घेतलेली.

सासऱ्यांनी पुष्कळ वाटा शोधून बघितल्या. एकदा ते गल्लीत उभे राहून बाहेरून म्हणाले, तिला बाहेर बोलव. सासूबाईंनी निरोप पाठवला, की चांगल्या घरच्या बायका रस्त्यात उभ्या राहून नवऱ्याशी बोलत न्हाईत. परसातल्या विहिरीपाशी चालेल का, असं त्यांनी विचारलं. विहीर घराची की घराबाहेरची, यावर माझ्यामार्फत दोन्हीकडून बराच खल झाला आणि शेवटी विहीर घराचीच ठरली. मी म्हटलं, मग घ्या की एक झोपडी बांधून माळावर, चार दिवस राहून या. सासरे माझ्यावरच खेकसले. भुसारीचा व्यापारी, चांगलं घर असताना बायकोला घेऊन माळावर झोपायला जातो, हे लोकांना काय म्हणून सांगायचं? प्लेग असला की माळावर जाण्यात लाज नव्हती. प्लेग नसताना गेलात की माणूस वेडा. असं आमचं सगळं उंदरावर येऊन ठेपलं.

पुढच्या वर्षी उंदीर पडला तेव्हा गल्लीला रडू आलं नाही. अनुभव आला होता. लोकांनी तट्टे जपून ठेवले होते, ते बाहेर काढले. टोचणारा आला तेव्हा पोत्यांमागं कुणी लपलं नाही, उलट बायका दंड उघडे करून रांगेत उभ्या राहिल्या आणि नंतर कुणाचा दंड जास्त सुजला यावर भांडल्या. नियमही निघाले. दिवसा प्लेग झोपतो, असा नियम निघाला. त्यामुळे दुकानं दिवसा गावात चालू, माग दिवसा गावात चालू, आणि गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला की सगळे कुलपं लावून माळावर पळायचे. समोरचे विणकर तर जेवणाचा डबा बांधून सकाळी गावात जात आणि दिवसभर त्याच खड्ड्यात बसून साडी विणत, जिथं उंदीर सापडला होता. मी म्हटलं, अहो, तिथंच तर पडला होता. ते म्हणाले, दिवसा काही होत नाही. हे त्यांना कुणी सांगितलं असं विचारलं, तर तुमच्या सासऱ्यांनीच, म्हणाले. सासऱ्यांनी ते का सांगितलं हे मला कळायला वेळ लागला नाही. दुकान दिवसा चालू राहिलं तर माळावरचा मुक्काम लांबवायला परवडतं.

आणि तिसऱ्या वर्षी तर माळ म्हणजे निम्मी गड्ड्याची जत्रा. झोपड्यांना खिडक्या आल्या. कुणी दारात तुळस लावली, कुणी झोपाळा टांगला. एकीनं तर झोपडीला रंग दिला, त्यावरून गल्लीत बरंच बोललं गेलं. बायकांचं हळदीकुंकू माळावर, बारशी माळावर. लोक कुर्डूवाडीच्या पाहुण्यांना कळवायचे, यंदा प्लेगला आमच्याकडं या, हवा फार चांगली आहे. आणि पाहुणे येत, हे विशेष. रेल्वेनं, ट्रंका घेऊन. ज्या रोगाला भिऊन आम्ही गाव सोडलं त्या रोगाला पाहुणे यायला लागले, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटेना. एवढी माणसं गेली, पहिल्या वर्षी आपण कसे थरथरत होतो, हे बघता बघता लोक विसरले. विणकरीण बाई मात्र विसरल्या नव्हत्या. त्या माळावर आल्या की आधी सासूच्या नावानं एक नारळ फोडायच्या आणि मगच हसायला लागायच्या.

त्या वर्षी सासू-सासरे कसे राहिले म्हणून सांगू. ते पान लावून द्यायचे आणि त्या नको म्हणत खायच्या. शेळीला त्यांनी भाकरीची सवय लावली होती. सासूबाई तिच्याकडं बघून म्हणायच्या, "हिच्यामुळं संसार झाला माजा." एकदा सासरे मला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, पंगतीत बोलायला नको होतं मी. मला ऐकू गेलं. सासूबाईंनी पदराचं टोक डोळ्याला लावलं आणि मग शेळीला शिव्या दिल्या.

घरी परतताना सासूबाईंचा पाय निघेना. परतल्यावर त्यांनी एक सवय लावून घेतली. काही घडलं, की मला म्हणायच्या, "हे माळावर सांगीन त्यांना." भाचीला मुलगा झाला, माळावर सांगीन. शेजारची म्हैस विहिरीत पडली, माळावर सांगीन. मी म्हणायची, आत्ता सांगते की मी, आणते निरोप. तर म्हणायच्या, तुज्या तोंडून त्याची चव जाते. सबंध पावसाळा असा साठवला बाईनं.

चौथ्या वर्षी दिवाळी झाली. गल्लीत विचारपूस सुरू झाली.

"पडला का?"

"न्हाई की अजून."

थंडी पडली. उंदीर पडेना. आता हसू येतं, पण खरंच सांगते, गल्लीत सुतक आल्यासारखं झालं. लोकांनी तट्टे झटकून ठेवले होते. कुर्डूवाडीचे पाहुणे कधी यायचं म्हणून निरोपावर निरोप धाडत होते. सासूबाई संध्याकाळी दिवा घेऊन घराच्या कानाकोपऱ्यांतून, माजघरातून, कोठीतून फिरायच्या. मी विचारलं, काय शोधताय, आत्याबाई? म्हणाल्या, काही न्हाई, झुरळं हायेत का बघते. दिवा खाली, वाकून, फळीच्या मागं. झुरळांसाठी कुणी इतकं वाकत नाही.

मग दवंडी पिटली गेली. यंदा गावात प्लेग नाही, लोकांनी निर्धास्त राहावं. लोक निर्धास्त झाले आणि तोंड पाडून बसले. समोरचे विणकर मला म्हणाले, सरकारला काय कळतंय, उंदीर उशिरा पडतात कधी कधी. मला वाटलं होतं, सासूबाई चिडतील. त्या चिडल्या नाहीत. गप्प झाल्या. नुसत्या सासऱ्यांशी गप्प नाही, माझ्याशीही. "सूनबाई, त्यांना सांग" हे सुद्धा बंद. जेवण वाढायचं, भांडी घासायची, ओसरीवर भिंतीला टेकून बसायचं. कानडीसुद्धा बंद. मला त्या शांततेची भीती वाटायला लागली.

सासऱ्यांनाही वाटली असणार. जेवताना घास हातात धरून मला विचारायचे, "काय सांगितलंय का तिनं?"

"न्हाई, मामंजी."

"काहीच न्हाई?"

"काहीच न्हाई."

ते घास तसाच ताटात ठेवायचे. एकदा म्हणाले, हुग्गी कर म्हणावं. मी सांगितलं. सासूबाईंनी केली. करपली नव्हती, फार सुरेख झाली होती. सासऱ्यांनी दोनदा मागून घेतली आणि चांगली झालीय असं मोठ्यांदा म्हणाले. सासूबाई त्याला उत्तर कसं देणार? घरात होत्या.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. उंदीर मरतो दोन तऱ्हांनी. प्लेगचा उंदीर झोकांड्या खात उघड्यावर येतो आणि पडतो, कोरडाठक, केस उभे. आणि दुसरा सापळ्यातला. भुसारीच्या दुकानात सापळे लावावेच लागतात. उंदीर अडकला की सापळा तसाच पाण्याच्या बादलीत बुडवायचा. तो उंदीर मोजायचा नाही, तो पडलेला नव्हे, तो मारलेला. गल्लीतलं शेंबडं पोरगंही हे सांगू शकलं असतं.

एके सकाळी सासरे दुकानात गेले आणि भलत्याच वेळी घरी आले. आल्या आल्या मला म्हणाले, माजघरात बघ गं जरा, कसला वास येतोय. मला वास येत नव्हता. मी गेले. माजघरात बरोब्बर मधोमध, फरशीवर, जिथं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा पाय पडेल तिथं, एक लठ्ठ उंदीर आडवा होता. केस अंगाला चिकटलेले, तुकतुकीत. भोवती पाण्याचं थारोळं. आणि दारापासून तिथपर्यंत थेंबांची ओळ. मी मागं वळून बघितलं. सासरे तुळईकडं बघत उभे होते, जणू तुळईत काही लिहिलंय. धोतराचा सोगा ओलाचिंब.

सासूबाई आल्या. त्यांनी उंदराकडं बघितलं. मग पाण्याकडं. मग थेंबांच्या मागावर नजर नेत नेत नवऱ्याच्या धोतरापर्यंत आल्या आणि तिथं थांबल्या. मला वाटलं, आता हसतील, नाहीतर रडतील. त्यांनी पदर खोचला.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, उंदीर पडला."

सासरे तुळईलाच म्हणाले, "तिला सांग, मलाबी दिसला."

"मग सामान बांधा म्हणावं."

उंदीर जाळायचा असतो, तोही लगेच आणि सगळ्यांसमोर, अशी रीत. सासूबाईंनी तो स्वतः फडक्यात गुंडाळला, कुणाला दिसू दिला नाही, अंगणात शेण्यांवर ठेवून काडी लावली. पेटेना. ओला उंदीर कसा पेटणार? घासलेट ओतलं. भडका उडाला आणि विझला. आणखी ओतलं. गल्ली गोळा झाली. विणकरीण बाईंनी विचारलं, एवढा धूर कसला? सासूबाई म्हणाल्या, लई जहरी हुता. सगळ्यांनी दोन पावलं मागं घेतली आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, की लपवता येईना. पडला बाई एकदाचा, असं कुणीतरी मागून म्हणालंच.

संध्याकाळच्या भोंग्याला सगळी गल्ली माळावर. झोपाळे, तुळशी, रंगीत तट्टे, सगळं.

म्युनसिपाल्टीचे प्लेगचे साहेब टोपी सावरत धावत आले. गावात एकही केस नाही, तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून निघालात? लोकांनी आमच्याकडं बोटं केली. साहेबांनी उंदीर मागितला. सासूबाई म्हणाल्या, जाळला. दिसायला कसा होता? सासूबाई तोंड उघडायच्या आत गल्लीनंच सांगायला सुरुवात केली. एक म्हणाला, केस असे उभे होते. दुसरा म्हणाला, झोकांड्या खात आला, मी डोळ्यानं बघितला. विणकरांनी तर त्याचे डोळे लाल होते असं सांगितलं. उंदीर बघितला होता तो आम्ही तिघांनी, आणि आम्ही तिघं गप्प. साहेबांनी एकदा त्या रंगीत झोपडीकडं बघितलं, एकदा झोपाळ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, आता आलाच आहात तर सगळ्यांनी टोचून घ्या. लोक आनंदानं रांगेला लागले. सासरे सगळ्यात पुढं.

दिवेलागणीला मी भाकऱ्या घेऊन त्यांच्या झोपडीकडं निघाले. दोघं दारात बसले होते. सासऱ्यांनी टोचलेला दंड धरला होता, समोर ती शेळी रवंथ करत होती. सासूबाई बोलत होत्या. भाचीचा मुलगा, विहिरीतली म्हैस, पावसाळाभर साठवलेलं सगळं एकामागून एक, श्वास न घेता, आणि सासरे नुसते मान डोलवत होते. मी मधेच जायला नको म्हणून थोडी लांबच थांबले.

म्हशीचं संपलं. सासूबाईंनी पान घेतलं, चुना लावला आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

"फुडल्या वर्षी," त्या म्हणाल्या, "जरा वाळवून आणा."

सासऱ्यांनी पान तोंडात घातलं आणि म्हणाले, "बरं."